बाराशे रुपयांचं प्रमाणपत्र आणि खोक्यातला कागद

पत्र

काका, आम्ही बोरिवलीला राहतो. मनोरीला सासरची दीड एकर वाडी आहे. वांगी, भेंडी, मिरची, थोडा पालक. जव्हारकडचं एक जोडपं, आम्ही त्यांना दादा-वहिनी म्हणतो, गेली चार वर्षं वाडीवरच राहून सगळं बघतं. नवरात्रात दादांनी सलग तीन दिवस वांग्यावर औषध मारलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना गरगरायला लागलं, उलट्या झाल्या, समोरचं धूसर दिसायला लागलं. वहिनींनी ताक पाजून झोपवलं. दोन दिवसांनी ते बरे झाले, पण मी हादरले आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली होती, 'कीटकनाशक सुरक्षा प्रमाणपत्र, एका दिवसात, ऑनलाइन, फक्त 1200 रुपये.' दादांच्या नावाने ते काढून द्यावं का? कायद्याने ते लागतं का? उद्या काही झालं तर आमच्यावर येईल का? दीर मला म्हणतात, तुम्ही उगाच घाबरता, त्यांना सवय असते. बाटलीचा आणि खोक्यातल्या कागदाचा फोटो पाठवते.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर

ताई, प्रमाणपत्राचं नंतर बोलू. आधी दादांना पंपाला हात लावू देऊ नका. निदान महिनाभर, आणि रक्त तपासून होईपर्यंत तर नाहीच.

फोटोतली बाटली प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांच्या मिश्रणाची आहे. यातलं प्रोफेनोफॉस ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं. आपल्या नसा स्नायूंना, ग्रंथींना जो निरोप धाडतात, तो पोचल्यावर पुसून टाकायचं काम कोलिनेस्टरेज नावाचं एक विकर (एन्झाइम) करतं. ही औषधं नेमकी त्या विकरालाच धरून बसतात. निरोप पुसलाच जात नाही आणि शरीर तोच हुकूम पुन:पुन्हा पाळत राहतं. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, उलट्या, बाहुल्या आकसून टाचणीच्या टोकाएवढ्या. दादांना धूसर दिसत होतं ते बहुधा त्यामुळेच. उलटी थांबली म्हणजे विकर भरून आलं असं नव्हे. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर माणूस दिसायला ठणठणीत असतो, पण पुढच्या खेपेला त्याला आडवं करायला थोडंसं औषधही पुरतं. दिरांना एवढंच सांगा की सवय वासाची होते. विषाची होत नाही.

कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी मोठ्या लॅबमध्ये होते. डॉक्टरांकडे नेताना बाटलीचा फोटो घेऊन जा आणि 'फवारणी करताना त्रास झाला' असं स्वच्छ सांगा. दादा स्वतः जाऊन 'अशक्तपणा आलाय' एवढंच म्हणतील, मग सलाइन चढवून, टॉनिक देऊन घरी पाठवतील. असं मी किती वेळा पाहिलंय याची गणती नाही.

आता कायदा. थोडक्यात उत्तर असं की दादांना तुमच्या वाडीत फवारणी करण्यासाठी कुठलंही प्रमाणपत्र कायद्याने लागत नाही. कीटकनाशक कायदा 1968 चा. त्याच्या 38 व्या कलमात सरळ सूट दिली आहे. कुणी स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कीटकनाशक वापरलं तर हा कायदा त्याला लागूच होत नाही. 1971 च्या नियमावलीत कामगारांच्या सुरक्षेचं चांगलं प्रकरण आहे. दर तिमाहीला वैद्यकीय तपासणी, ऑरगॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांची कोलिनेस्टरेज दर महिन्याला, संरक्षक कपडे, उतारा हाताशी ठेवणं, प्रशिक्षण. पण त्याचा सगळा रोख बनवणारे, विकणारे आणि फवारणीचा धंदा करणारे यांच्यावर आहे. मनोरीच्या वाडीतला माणूस त्यात बसत नाही.

गंमत बघा. तुमच्या बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये झुरळांसाठी पेस्ट कंट्रोलवाला येतो, त्या धंद्याला परवाना लागतो आणि परवाना घेणाऱ्याने प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. औषध विकणाऱ्या दुकानदाराला शेतीचं शिक्षण किंवा ठरवून दिलेला अभ्यासक्रम लागतो. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची त्यांच्यासाठी 48 आठवड्यांची पदविका 2003 पासून चालू आहे. ड्रोनने फवारणी करायची तर उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचा दाखला हवा, म्हणजे ज्याच्या अंगावर एक थेंबही उडत नाही त्याच्याकडे. पंप पाठीवर घेऊन औषधाच्या ढगातून चालणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. युरोपात 2009 च्या निर्देशानुसार धंदा म्हणून फवारणाऱ्याला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, अमेरिकेत औषध हाताळणाऱ्या शेतमजुराला दरवर्षी प्रशिक्षण द्यावं लागतं. आपल्याकडे हे मालकाच्या मर्जीवर आहे, आणि तुमच्या वाडीत ती मर्जी तुमची.

म्हणून ते बाराशे रुपये जाहिरातवाल्याला देऊ नका. असा कागद कायदा मागत नाही, आणि मोबाइलवर चार प्रश्नांची बरोबर उत्तरं टिचकून दादांच्या अंगावर पडणारं औषध कमी होत नाही. तेवढ्याच पैशांत नायट्राइलचे हातमोजे, गमबूट, बंद चष्मा आणि प्लास्टिकचा एप्रन जवळपास येऊन जातं.

माझंही यात पाप आहे, सांगून टाकतो. नोकरीत असताना मी अशी प्रमाणपत्रं ढिगाने वाटली आहेत. समाजमंदिरात साठ माणसं, भिंतीवर तक्ता, दीड तास भाषण, शेवटी वडा-चहा आणि सह्या. पाणी भरणाऱ्या, औषध कालवायला मदत करणाऱ्या बाया दारात उभ्या, कारण यादीत पुरुषांचीच नावं. वर्षभराने एका पाड्यावर गेलो तर माझ्याच सहीचं प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला टांगलेलं. त्याच्या खालच्या फळीवर मिठाची बरणी, गोडेतेल आणि त्यांना चिकटून अर्धी भरलेली मोनोक्रोटोफॉसची बाटली. घरधन्याने मोठ्या मानाने मला ते प्रमाणपत्र दाखवलं. मी काय बोलणार?

नंतर एका जाणत्या सहकाऱ्याने मला एक युक्ती शिकवली. ती तुम्ही तो महिना सरला आणि दादांचं रक्त तपासून झालं की करा. दहा रुपयांची नीळ आणा. दादांना जुना पांढरा सदरा-लेंगा घालायला द्या. पंप धुऊन त्यात साधं पाणी भरा, नीळ कालवा, आणि नेहमी मारतात तसं वांग्याच्या दोन सऱ्यांवर मारायला सांगा. सूचना काही द्यायची नाही. झालं की उन्हात उभं करून कपडे बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मांड्या निळ्या निघाल्या, कारण आधी मारलेल्या ओल्या झाडांतून माणूस पुढे चालत जातो. उजव्या हाताचा कोपरापर्यंतचा भाग निळा. पाठीवर टाकीच्या खाली मोठा निळा डाग, तिथून ओघळ पार कमरेखाली. टाकीच्या झाकणाचा वॉशर गेलेला होता, वाकलं की पाणी डचमळून बाहेर येई. जांघेतली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटीने जास्त औषध शोषते, आणि आमचे लोक तोच ओला लेंगा घालून दिवसभर काम करतात. पण सगळे गप्प झाले ते वेगळ्याच गोष्टीने. मध्ये विश्रांतीला थांबल्यावर त्या माणसाने सवयीने तळहातावर तंबाखू-चुना मळला होता. त्याचा खालचा ओठ निळा होता.

पुढे मी कुठल्याही प्रशिक्षणात हेच आधी करायला लागलो. भाषण नंतर.

आता तुम्ही पाठवलेल्या कागदाकडे या. तुमच्या या वाडीत सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात मोलाचं काही असेल तर हा खोक्यातला कागद. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यासोबत तो द्यावाच लागतो. किती प्रमाण, कुठल्या पिकावर, कुठल्या किडीवर, विषबाधेची लक्षणं काय, प्रथमोपचार काय, उतारा कोणता, रिकाम्या बाटलीचं काय करायचं, सगळं त्यात असतं. हिंदी-इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही असतं, पण अक्षर मुंगीएवढं, म्हणून कुणी वाचत नाही. तुमच्याकडे मोबाइल आहे. फोटो मोठा करून एकदा मोठ्याने वाचा, दादा आणि वहिनी दोघांना समोर बसवून. मी तुमच्या फोटोतला वाचला. त्यात पिकाच्या रकान्यात फक्त कापूस आहे. वांगं नाही.

इथे थांबून विचार करा. हे औषध वांग्यावर कुणी सांगितलं? दुकानदाराने. वांग्यासाठी त्या कागदात प्रमाण नाही आणि फवारल्यावर किती दिवस थांबून तोडायचं तेही नाही. तुमची वांगी सकाळी तोडली की दुपारी बोरिवलीच्या बाजारात असतात, त्यातली पाव किलो कदाचित तुमच्याच सोसायटीतल्या ग्रुपवरचं कुणी घेऊन जात असेल. यापुढे दुकानात पिकाचं आणि किडीचं नाव सांगून औषध मागा. कागदावर वांगं आणि शेंडा-फळ पोखरणारी अळी हे शब्द दिसले तरच घ्या. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत त्यावर लिहून घ्या. 'याच्याबरोबर हेही मारा, जोर येईल' असं म्हणून तीन-चार बाटल्या एकत्र करायला सांगितलं तर नमस्कार करून निघा. शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकड्यांनी दवाखान्यात भरती झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडाच्या उंचीवर. हवा दमट, उघडं अंग, जोरकस बॅटरीचे पंप आणि औषधांची मिश्रणं. तुमच्या फोटोतलं मिश्रण तेव्हाही चर्चेत होतं. मरणाऱ्यांमध्ये दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारायला गेलेले मजूर बरेच होते. त्यांनी ना ते औषध निवडलं होतं, ना विकत आणलं होतं.

बाटलीवरचा चौकोन मात्र वहिनींना आजच शिकवा, अक्षरओळख लागत नाही. तिरप्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, सगळ्यात सौम्य हिरवा. लालवर कवटी आणि हाडं असतात. तुमची बाटली पिवळी आहे. हिरवा म्हणजे पाण्यासारखा निर्धोक असं नाही, पण दुकानात दोन पर्याय असतील तर कुठल्या बाटलीकडे बोट दाखवायचं ते कळतं.

आणि हो, आपण याला 'औषध' म्हणतो. औषध मारायचं, औषध आणायचं, औषध संपलं. मीही या पत्रात तेच लिहितोय, जीभ वळत नाही दुसरीकडे. पण जव्हारच्या माणसाला औषध म्हणजे आजारी माणसाला बरं करणारी वस्तू. मग हात धुवायचा कशाला? वहिनींशी बोलताना 'विष' म्हणा, नुसता शब्द बदलला तरी बाटली मिठाच्या फळीवरून हलते.

खरं प्रशिक्षण कुठे मिळेल? तुम्हाला गाठता येईल असं ठिकाण म्हणजे डहाणू तालुक्यातलं कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र. हो, अनुताई वाघांचं कोसबाड. आधी चौकशी करून फवारणी आणि सुरक्षित हाताळणीचं प्रात्यक्षिक कधी आहे ते विचारा, सहसा शुल्क नसतं. ठाण्यात कृषी विभागाचं विभागीय कार्यालय आहे, जवळपास कुठे शेतीशाळा चालू असेल तर तिथून कळेल. दादांना पुढे गावोगाव फवारणीचंच काम करायचं असेल, तर भारतीय कृषी कौशल्य परिषदेचा त्यासाठी अभ्यासक्रम आहे, त्याचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त असतं. पण दीड एकराच्या वाडीसाठी कोसबाडचा एक दिवस पुरे. तिथे गेल्यावर एकच कसोटी लावा: पंप उघडून दाखवतात का? नोझल काढायला, वॉशर बदलायला, साध्या पाण्याने किती क्षेत्राला किती पाणी लागतं ते मोजायला लावतात का? नुसते पडद्यावर फोटो दाखवत असतील तर चहा पिऊन परत या आणि नीळ वापरा.

तुम्हीसुद्धा जा. हे तुम्हाला जड वाटेल, पण दादांना शिकवून पाठवलं आणि तुम्ही शिकला नाहीत तर सगळं मुसळ केरात. ते म्हणतील वारा सुटलाय, आज नको. दीर म्हणतील उद्या बाजार आहे, आजच मार. कुणाचं ऐकलं जाईल?

कपड्यांबद्दल पुस्तकात जे लिहितात ते मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये जमत नाही. अंगभर प्लास्टिकचा सूट घालून मनोरीच्या दमट उन्हात माणूस विषाने नाही तर उष्म्याने पडेल. त्यापेक्षा जाड सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट, पाठीवर टाकीखाली आणि पुढे मांड्यांवर प्लास्टिकचा एप्रन, गमबूट. पँट बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचली तर ओघळ थेट बुटात. हातमोजे सदऱ्याच्या बाहीच्या आत. फक्त उंच झाडावर वर हात करून मारताना उलट, हातमोजे बाहेर आणि त्यांची कड दुमडलेली. तोंडाला रुमाल बांधतात, तो ओला झाला की विष नाकाशी धरून ठेवतो. औषधासाठीचा मास्क घ्या. चष्मा आणि हातमोजे सगळ्यात गरजेचे असतात ते बाटली उघडून कालवताना, कारण तिथे विष बिनपाण्याचं असतं. झाकणाने मोजणं बंद. 'पंपाला दोन झाकणं' हा अंदाजपंचे हिशेब आहे, मापाचा पेला घ्या. वारा पाठीकडून. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, दिवसाला दोन-तीन तासांपलीकडे नाही, आणि सलग तीन दिवस तर मुळीच नाही. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना टूथब्रश पंपाला दोरीने बांधून ठेवा. तंबाखूची डबी वाडीच्या दाराशी.

वहिनींचं वेगळं सांगतो, कारण त्यांना कुणी विचारत नाही. फवारणीचे कपडे त्याच धुतात, बहुधा मुलांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत, उघड्या हाताने. ते कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, त्याच दिवशी. विहिरीजवळ औषध कालवायचं नाही. वहिनी गरोदर असतील किंवा अंगावर पाजत असतील तर त्यांनी या कामाच्या आसपासही यायचं नाही. रिकामी बाटली तीन वेळा विसळायची, ते पाणी पंपातच ओतायचं, मग बाटलीला भोकं पाडून वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर पुरायची. खाडीत नको, आणि मुलांना पाण्याची बाटली म्हणून तर नकोच.

खरं तर चांगल्या प्रशिक्षणात अर्धा वेळ फवारणी कशी टाळायची यातच जायला हवा. वांग्याचा सुकलेला शेंडा दिसला की तो अळीसकट खुडून नष्ट करायचा, दर चार दिवसांनी. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावायचे. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीची भरड. दीड एकरात हे दोघांना सहज जमतं, आणि वर्षातल्या निम्म्या फवारण्या अशाच गळतात, असा माझा अनुभव आहे.

पुन्हा कधी त्रास झाला तर ताक, दूध, तूप, लिंबू काही नाही. उलटी मुद्दाम करवायची नाही. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं पाण्याची धार धरा, कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा. बाटली आणि कागद सोबत न्या. या जातीच्या विषाला ॲट्रोपिनचा उतारा असतो, पण सगळ्या विषांना नसतो, त्यामुळे नाव कळणं डॉक्टरांना फार गरजेचं. तुमची अडचण रस्त्याची आहे. मार्वेची बोट दिवसा ठीक, पण बोट बंद झाली की उत्तनवरून भाईंदरचा वळसा पडतो. म्हणून एकदा दिवसाउजेडी ठरवून टाका, बोट असताना कुठे न्यायचं, नसताना कुठे. कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात की भाईंदरच्या बाजूला. ते वहिनींच्या मोबाइलमध्ये घाला, नुसतं तुमच्या नको.

तुमच्यावर येईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. कीटकनाशक कायद्यातून सूट आहे म्हणजे सगळ्यातून सूट आहे असं समजू नका. नुकसानभरपाईचे कायदे वेगळे आहेत, त्यासाठी कामगारांची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला एकदा भेटा. एक गोष्ट मात्र मी सांगू शकतो. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, 2023 पासूनची. कीटकनाशकं हाताळताना होणारी विषबाधा त्यात बसते, मृत्यू झाल्यास कुटुंबाला 2 लाख मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. म्हणजे तुमच्या दिरांना आहे, ज्यांनी आयुष्यात पंप उचललेला नाही. दादांना नाही. तुम्ही दोघं भावजय-दीर बसाल तेव्हा सवयीच्या गोष्टीआधी ही मांडा.

कोसबाडला निघाल तेव्हा बोरिवलीहून सकाळची डहाणू लोकल पकडा, डहाणू रोडला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा. पंपही सोबत न्या, पण पिशवीत आणि रिकामा, धुतलेला. डब्यात त्या वासाने लोक भांडायला उठतात, मी अनुभव घेतलाय. झाकणाचा वॉशर तिथेच बदलून घ्या. आणि दादा-वहिनी दोघांचीही त्या दिवसाची मजुरी धरा, नाहीतर वहिनी म्हणतील, मी थांबते, पालकाला पाणी द्यायचंय.